पायतो पंथाच्या नावाचा उगम

कोणत्याही धर्माच्या नावाचा उगम संस्थापक हयात असेपर्यंत कुणी विचारत नाही. बायको, सुखीबाई, गेल्याचं हरिसिंगला मंगळवारी दारव्ह्याच्या जीप स्टँडवर फोनवर कळलं. त्याच दिवशी इंटरनेटवर ‘पायतो पंथा’च्या नावाची चर्चा सुरू झाली. हा निव्वळ योगायोग.

पंथ थट्टेचा आहे, पण शिस्तीचा आहे. अनुयायी बेचाळीस हजार. देव नाही, पोथी नाही (लिहिणारे ‘पायतो’ म्हणालेत). आज्ञा एकच: कुणी काहीही सांगितलं, की मान न उचलता ‘पायतो’ म्हणावं, आणि पाहू नये.

नावाबद्दल तीन मतं आहेत. एक अभ्यासक ते संस्कृतातून आणतात, दुसरे फारसीतून. तिसऱ्यांकडे ताम्रपट आहे, असं ते स्वतः म्हणतात.

खरा उगम हरिसिंगच्या ओसरीवर आहे. नळ गळून राह्यला, पायतो. छपराचे कवेलू सरकले, पायतो. शेवटी सुखीबाई भाचीला, दिपालीला, म्हणाली, “तुह्या मामाचा धर्मच येगळा हाय, बाई. पायतो पंथ!” दिपालीनं हसत हसत त्या नावानं इंटरनेटवर पान उघडलं. हरिसिंगलाही अभिमान वाटला. रोज नव्या पोस्टी वाचायला लागला.

तेरवीनंतर त्यानं एकच मागितलं.

“दिपाली, त्या पानावर तुह्या मामीचं नाव टाक. शब्द तिचा होता.”

“मामा, आता पाच जणांची समिती हाय. पुरावा लागते. अर्ज पाठवते तुमाले.”

“पाठव. दुसरं काई नको मले.”

अर्जात चार रकाने आहेत. शब्द कुणी काढला, कुठे, साक्षीदार कोण. हे तीन त्यानं घोटीव अक्षरात भरले. चौथा असा: ‘सदर उत्तर (‘पायतो’) त्यांना शेवटचं कधी दिलं, व कशाबद्दल?’

सोमवारी, दिवेलागणीला. सुखीबाई म्हणाली होती, “छातीत लय दुखून राह्यलं जी. दवाखान्यात नेता काय?” हरिसिंग पंथाची नवी पोस्ट वाचत होता.

समितीच्या मते हा रकाना सोपा आहे. पंथाचं सदस्य होण्यासाठी मात्र कुठलाच अर्ज लागत नाही. हे वाचता वाचता आपण आत्ताच घरातल्या कुणाला काहीतरी उत्तर दिलं असेल, तर नोंदणी झाली. त्या माणसानं काय विचारलं होतं, ते तेवढं आठवून ठेवावं.

हरिसिंगला आठवतं. चौथा रकाना भरायचा राहिला आहे.