कॉन्सुलीणबाईंच्या अल्बमातली खुर्ची

ज्याचा फोटो नाही तो माणूसच नाही, असा एक काळ डेन्मार्कातल्या आमच्या ऑल्बोर्ग गावात आला होता! फोटो म्हणजे खेळायच्या पत्त्याएवढा पुठ्ठा. नव्या वर्षाला भेटीला जायचं आणि आपला पुठ्ठा त्या घरच्या अल्बमात ठेवून यायचं. कॉन्सुल म्हणजे परदेशाचा वकील, गावातली बडी असामी; त्यांच्या बायकोच्या, कॉन्सुलीणबाईंच्या अल्बमात तर जकात कचेरीतल्या झाडून सगळ्या कारकुनांच्या बायका होत्या. नव्हती ती फक्त माझी आई.

"यंदा तुझा चेहरा तिथे बसवतोच, थोरा!" बाबा गरजले. "सेवेरिन क्रागचा शब्द आहे!"

आईने लग्नातला काळा रेशमी झगा उसवून, आतली बाजू बाहेर करून नवा शिवला. नाताळ संपताच आम्ही बिस्ट्रुप फोटोग्राफरच्या माडीवर, काचेच्या छपराखाली हजर! बाबांची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमट्यात अडकवली. बाबा फाशी जाणाऱ्या सरदारासारखे रुबाबदार दिसायला लागले! मला संगमरवरासारख्या रंगवलेल्या लाकडी खांबाला टेकवलं. तान्हा वाल्डेमार आईच्या मांडीवर.

पण तो कॅमेऱ्याकडे बघेल तर शपथ! वळून वळून आईचंच नाक धर, टोपीच्या फितीच ओढ. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा; काचांमागून काचा फुकट गेल्या. प्रत्येकीवर त्याला तीन डोकी!

"बाई, तुमचा चेहरा दिसतोय तोवर हा तिकडेच वळणार," बिस्ट्रुप म्हणाले. "तुम्हाला पडद्याखाली झाकतो. खुर्चीच वाटेल. आम्ही नेहमी करतो."

"अहो, आणि माझा झगा?"

"पुढच्या काचेवर तुम्ही एकट्या! राणीसारख्या!"

फुलाफुलांच्या पडद्याखाली आई दिसेनाशी झाली आणि वाल्डेमार देवदूतासारखा स्थिर! काच उत्तम उतरली. तेवढ्यात छपरावर बर्फाचा ढग आला. अंधार गुडुप!

"उजेड संपला. आता वसंतात या," बिस्ट्रुप हात पुसत म्हणाले.

नव्या वर्षाला तोच पुठ्ठा घेऊन गेलो. कॉन्सुलीणबाईंनी चष्मा लावला. "मुलं गोड आहेत हो! आणि खुर्ची काय देखणी! कुठून आणलीत?"

"कोपनहेगनहून," आई म्हणाली. तिच्या तोंडून गेलंच!

"मग गुरुवारी कॉफीला येते. बसून बघीन म्हणते!"

घरी हलकल्लोळ! बाबांनी पाद्रीसाहेबांच्या बायकोकडून गुपचूप एक खुर्ची आणली, तिच्यावर आमच्या घरचा तसाच फुलाफुलांचा पडदा शिवला. कॉन्सुलीणबाई आल्या. सोबत पाद्रीसाहेब! ते धपकन त्याच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वा! अगदी माझ्या खुर्चीसारखी कुरकुरते!"

पाहुणे गेल्यावर आई जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "वसंतात बघा," म्हणाली, "मी एकटी उभी राहीन. बसणारच नाही!"

फेब्रुवारीत तिला ताप आला. वसंत तिने पाहिला नाही.

बर्फ वितळल्यावर बाबा मला घेऊन बिस्ट्रुपांची माडी चढले. खिशातून तो पुठ्ठा काढला, टेबलावर ठेवला. जकात कचेरीतले शिकलेसवरलेले कारकून, पण घसा खाकरून हळूच विचारलं,

"बिस्ट्रुप, हा पडदा जरा बाजूला करता येईल का हो?"

बिस्ट्रुप हसले नाहीत. मीही नाही. आणि खरं सांगू? अजूनही मला तो प्रश्न खुळचट वाटत नाही.