करुणेचं हजेरीपत्रक

डॉक्टर व्हायला माणसाच्या अंगी काय असावं लागतं, हा प्रश्न विज्ञानाचा नसून भूगोलाचा आहे. तोच मुलगा एका देशात लायक असतो, विमानात बसला की शंकास्पद होतो आणि पलीकडे उतरला की सरळ अपात्र ठरतो. यात मुलाचा दोष नसतो. देश बदलतो, तसा फॉर्म बदलतो.

प्रभादेवीच्या रमाकांत कर्णिकांनी या विषयाचा जेवढा अभ्यास केला, तेवढा त्यांच्या मुलाने जीवशास्त्राचा केला असता तर कथा इथेच संपली असती. पण अनिश प्रवेश परीक्षेला दोनदा बसला आणि दोनदा थोडक्यात हुकला. रमाकांतांची एकतीस वर्षं सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेलेली. एक नियम आडवा आला की माणसाने खचायचं नसतं, दुसरा नियम शोधायचा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर एक तक्ता लावला.

भारत: एकशेऐंशी प्रश्न, एकशेऐंशी मिनिटं. त्या मिनिटांत कोणीही आजारी नसतं. (अनिशला यकृतातली सगळी विकरं तोंडपाठ होती. तापलेल्या कपाळाला मात्र त्याने आजवर हात लावलेला नव्हता. तसा प्रश्न कधी आलाच नव्हता.)

अमेरिका: आधी चार वर्षं कुठली तरी वेगळी पदवी घेऊन या, इतिहाससुद्धा चालतो. मग परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत. "म्हणजे हा डॉक्टर होईपर्यंत आपण पेशंट," मृणालिनी म्हणाली. नवऱ्याच्या तक्त्यावर तिचंच खोडरबर चालत असे. अमेरिका गेली.

जर्मनी: शाळेचे गुण तर हवेतच, शिवाय पहिल्या मोठ्या परीक्षेआधी तीन महिने शुश्रूषेचं काम. रुग्णांना उठवणं, बसवणं, शौचाचं भांडं देणं.

"हा स्वतःचं जेवलेलं ताट उचलत नाही," मृणालिनी म्हणाली. "जर्मनी खोडा."

हॉलंड: तिथे कित्येक वर्षं चक्क सोडत काढून प्रवेश दिले गेले.

"हे बरंय," अनिश म्हणाला.

"वीस वर्षं म्हाडाचे फॉर्म भरतोय आपण," मृणालिनी म्हणाली. "कर्णिकांचं नाव कुठल्याही सोडतीत येत नाही. खोडा."

शेवटी उरलं एकच विद्यापीठ. ते ज्या देशात होतं त्याला घरात नुसतं 'बाहेर' म्हणत. त्यांना गुण बेताचे चालणार होते. अट एकच: उमेदवाराला माणसाविषयी आस्था असावी, आणि पुरावा म्हणून एका रुग्णाची शंभर तास सेवा केल्याची, रुग्णाच्या सहीची नोंद जोडावी. अंतिम मुदत, सोमवार दुपारी बारा.

रमाकांतांना हायसं वाटलं. आस्थेचं त्यांना सांगता आलं नसतं, पण तास भरणं हा त्यांचा रोजचा विषय होता.

अडचण रुग्णाची होती. मृणालिनीची आई गिरगावात राहायची, वय चौऱ्याऐंशी. पण ती रोज तीन जिने उतरून चौपाटीपर्यंत चालून येत असे. "मी मुळीच आजारी पडणार नाही," असं तिने फोनवर ठणकावून सांगितलं. ज्येष्ठांनीच असा असहकार पुकारल्यावर नव्या पिढीने आस्था तरी कोणावर दाखवायची?

सुटका केली रमाकांतांच्या शाखेतल्या कमलने. "आमचे सासरे आहेत की खाटेवर," ती म्हणाली. "करी रोडला. मी दिवसभर इथे, ते तिथे एकटेच."

"अभिनंदन!" रमाकांत म्हणाले, आणि मग आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं.

कमलचे सासरे बुधाजी म्हणजे जुने गिरणी कामगार. चाळीच्या जागी टॉवर झाला तेव्हा त्यात चौदाव्या मजल्यावर त्यांना खोली मिळाली होती. रमाकांतांनी खाटेच्या कठड्याला सुतळीने हजेरीपत्रक बांधलं. रकाने असे: अनुक्रमांक, आगमन, निर्गमन, करुणेचा प्रकार (सौम्य, मध्यम, तीव्र), रुग्णाची सही. पहिल्याच दिवशी अनिशने चार तास सेवा केली. त्यातले अडीच सौम्य होते आणि दीड मोबाईलवर.

चांगली बातमी लपत नाही. दादरच्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर ती पोचली आणि आठवड्याभरात बुधाजींकडे अकरा उमेदवार झाले. त्यांतल्या स्पृहाचे वडील धनेश यांनी दुपारची बॅच मागून घेतली. शिस्त राहावी म्हणून रमाकांतांनी वेळापत्रक लावलं. बुधाजींना दिवसाला तीन आंघोळी पडू लागल्या. रक्तदाब एकोणीस वेळा मोजला जाई आणि संध्याकाळी त्याची सरासरी काढली जाई. हात धडधाकट असूनही त्यांना चमच्याने भरवण्यात येई, कारण भरवणं 'तीव्र' मध्ये धरलं जायचं. सेवेचे एकूण तीनशे चाळीस फोटो निघाले. त्यांपैकी नऊ फोटोंत बुधाजी दिसतात.

"अरे झिला," ते एकदा अनिशला म्हणाले, "दिसाक तीन आंघोळी! मी काय देवळातलो देव आसंय? माका जरा निजाक दी."

अनिशने 'रुग्णाशी संवाद, मध्यम' अशी नोंद केली.

अनिशचे सत्त्याऐंशी तास झाले आणि संकट कोसळलं. बुधाजी उठून उभे राहिले. स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत गेले. पालकांच्या ग्रुपवर ही बातमी अश्रूंच्या चिन्हांसह फिरली. रमाकांत कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत आले.

"बुधाजीराव, असं एकदम बरं होणं योग्य नाही," ते कळवळून म्हणाले. "मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. अजून तेरा तास."

बुधाजींनी त्यांच्याकडे बघितलं. रमाकांतांच्या कपाळावर घाम होता. "तुमचो झील डॉक्टर होतलो तर निजतंय," ते म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

शनिवारी शंभर भरले. रविवारी रमाकांत फॉर्म घेऊन बसले. पहिला रकाना, उमेदवाराचं नाव. दुसरा, एकूण तास. तिसरा, 'रुग्णाला काय होत होते? आपल्या शब्दांत लिहा.'

"अनिश, काय होतंय रे त्यांना?"

"बीपी नॉर्मल आहे."

"अरे, पण होतंय काय?"

अनिशने मोबाईलमधले फोटो चाळले. "स्पृहाला माहीत असेल."

रमाकांतांनी धनेशना फोन लावला. "आम्ही दुपारचे, साहेब," धनेश म्हणाले. "सकाळच्या बॅचला विचारा." सकाळच्या बॅचने संध्याकाळचं नाव सांगितलं. हजेरीपत्रकाची बेचाळीस पानं चाळून झाली. त्यात सगळं होतं, पाणी किती प्यायले तेसुद्धा. आजाराला रकानाच ठेवलेला नव्हता, त्याला अनिश तरी काय करणार?

"कमलला विचारा की फोन करून," मृणालिनी म्हणाली.

"काय तोंडाने विचारू?" रमाकांत म्हणाले. तीन आठवडे त्या घरात रोज अकरा जणांच्या हजेऱ्या लागत होत्या. कार्यालयीन शिष्टाचारात हे बसत नव्हतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता अनिश करी रोडला गेला.

"आज कसलो तास?" बुधाजींनी विचारलं.

"तास संपले, काका. तुम्हाला काय होतंय, ते विचारायला आलोय."

बुधाजींनी पांघरूण बाजूला सारलं. मग खाटेवरून उतरले. "बस," ते म्हणाले. "चाय ठेवतंय. मगे सांगतंय."

प्रभादेवीत रमाकांत तिसरा रकाना उघडून बसले होते. दहा वाजता त्यांनी फोन केला, अनिशने कापला. अकरापर्यंत आणखी सहा कापले. साडेअकराला एक ओळीचा निरोप आला: 'बोलतायत. मध्ये तोडता येत नाहीये.' मृणालिनी म्हणाली, "काहीही ठोकून द्या, गुडघेदुखी लिहा." रमाकांतांनी 'गु' टंकलं आणि खोडलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तपासल्याशिवाय एकही नोंद केली नव्हती. बारा वाजले आणि फॉर्म आपोआप बंद झाला.

अशा रीतीने कु. अनिश कर्णिक विद्यापीठाच्या अटीस पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने पात्र ठरले, आणि त्याच सुमारास त्यांची मुदत संपली. या दोन गोष्टी एका दिवशी घडू नयेत असा कुठल्याही देशाचा नियम नाही.

दीड वाजता अनिश घरी आला. त्याचे डोळे लाल होते. "दोन ओळींत नाही सांगता येणार, बाबा," तो म्हणाला, आणि ताटावर बसून त्याने सगळं सांगितलं. आमटी निवली, रमाकांतांचा घास हातातच राहिला, मृणालिनीला काही खोडावंसं वाटलं नाही.

बुधाजींना काय होत होतं, ते इथे लिहिता आलं असतं. पण तुम्ही इतका वेळ शंभर तास भरतात की नाही आणि फॉर्म वेळेत जातो की नाही, एवढंच बघत होतात. त्या माणसाला झालंय काय, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. हरकत नाही. शेवटपर्यंत हजर होतात, तेवढ्याची सही मिळेल.