चार नंबरचा पट्टा

आमच्या रेसकोर्सची जमीन घोड्यांना घाबरते, म्हणून शर्यतीच्या दिवशी सकाळी तिला कार्ड वाचून दाखवावं लागतं. चोवीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. मी दत्ताराम खोपकर, ट्रॅक सुपरवायझर.

पूर्वी वाचत नसत. अचानक टापा आल्या की जमीन दचकायची, आणि दचकली की चार बोटं बाजूला सरकायची. चार बोटांनी काय होतंय, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने घोड्याने पाय टाकला आणि खालची जमीन चार बोटं बाजूला झाली, तर त्या पायाचं काय होतं ते मी पाहिलंय. एका मोसमात तीन घोडे गेले. पाय मोडला की चार माणसं धावत येऊन घोड्याभोवती हिरवा पडदा धरतात, डॉक्टर आत जातात, आणि पडदा सोडला की घोडा उभा नसतो. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांनी चार बोटांबद्दल बोलू नये.

पद्धत साधी आहे. धावपट्टीत अकरा ठिकाणी काठी खुपसायची. काठीवर आकडे असतात, ती किती आत गेली त्यावरून जमीन कडक की मऊ ते कळतं. दोन पूर्णांक नऊ म्हणजे उत्तम. मग सहाशे मीटरच्या खांबापाशी उकिडवं बसायचं आणि काठीने पडलेल्या भोकात तोंड घालून एकेका घोड्याचं नाव, पाठीवरचं वजन आणि पट्ट्याचा नंबर वाचायचा. जमीन ऐकून घेते आणि तेवढ्यांपुरती मनाची तयारी करते. घोडे पळताना इकडेतिकडे होतात, ते ती समजून घेते. एखादं नाव रद्द झालं तर शर्यतीआधी पुन्हा जाऊन ‘रद्द’ म्हणायचं. एवढंच. चोवीस वर्षांत माझी एकही चूक झाली नव्हती, आणि मी ते लोकांना ऐकवतही असे.

त्या रविवारी चौथ्या शर्यतीत नऊ नावं होती. चार नंबरच्या पट्ट्यावर मोरपंखी, वजन साडेचोपन्न. मोरपंखी ही तीन वर्षांची शिंगी, म्हणजे तरुण घोडी, अंगाने काळसर, स्वभावाने गरीब. तिची निगा राखणारे मोतद्दार कासमभाई. तिच्याशी ते जेवढं बोलत तेवढं घरी बायकोशीही बोलत नसावेत. स्टार्टिंग गेटपाशी तिने पुढचा डावा पाय जरा उचलून धरला. आमच्या डॉक्टर ठोसर बाईंनी खाली बसून शीर दाबून पाहिली आणि तिथल्या तिथे सांगितलं, “गरम आहे. ही पळणार नाही.”

मी दहा पावलांवर उभा होतो. आता खरं सांगतो. मला वाटलं, बाई जमिनीवरच उभ्या आहेत, शिंगीही जमिनीवरच उभी आहे, सगळं बोलणं जमिनीच्याच अंगावर चाललंय. वेगळं काय कळवायचं? मी काठी उचलली नाही. आठ घोडे पळाले, आठही सुखरूप आले. मी चहा प्यायलो.

सोमवारी सकाळी चार नंबरच्या पट्ट्यावर काठी शिरेना. डावीकडे दोन पूर्णांक नऊ, उजवीकडे दोन पूर्णांक नऊ, आणि मधे दीड मीटर रुंदीची जमीन, सुरुवातीपासून विनिंग पोस्टपर्यंत, बाराशे मीटर ताठ. गवताची पाती उभी. इंजेक्शनच्या आधी पोर दंड आवळून धरतं ना, तशी. सरावाला आलेल्या घोड्यांपैकी एकही तो पट्टा ओलांडायला तयार होईना. एक कुत्रं मात्र ओलांडून गेलं. ते आता तीन पायांवर चालतं.

मी भोक पाडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा गवतावरच तोंड टेकवून म्हणालो, “मोरपंखी रद्द.” काही झालं नाही. पुन्हा म्हणालो. मग लक्षात आलं की शर्यतीची वेळ होऊन गेल्यावर आलेलं रद्द आम्हीही ऑफिसात घेत नाही. जमीन आमच्याच नियमांनी चालत होती. तिला दोष कसा द्यायचा?

मंगळवारी पट्टा धावपट्टीच्या कठड्याखालून बाहेर आला होता.

आधी मला वाटलं नजरेचा भ्रम असेल. मी तिथे चुन्याची रेघ मारली. बुधवारी सकाळी पट्टा रेघेच्या चाळीस पावलं पुढे होता. पार्किंगचं डांबर त्याने वर उचललं होतं आणि तो तबेल्याच्या रस्त्याला लागला होता. कासमभाई झाडू हातात घेऊन बघत होते.

“खोपकर साहेब, हा कुठं चाललाय?”

रस्ता सरळ सतरा नंबरच्या ठाणाकडे जातो आणि सतरा नंबरात मोरपंखी असते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

दुपारी त्यांनी तिला मागच्या बाजूला चाळीस नंबरात हलवलं. पट्टा त्या बाजूला वळला. पुन्हा सतरात आणलं, तो पुन्हा वळला. शिंगी लसूणघासाला तोंड लावेना. तबेल्यात दोनशे घोडे, आणि एकानेही पाय आपटला नाही.

गुरुवारी सेक्रेटरी निंबाळकर साहेबांनी बैठक बोलावली. साहेब शिस्तीचे. समोर नियमावली, कार्ड आणि माझी नोंदवही.

“रद्द झाल्याचं जमिनीला कळवलं होतंत का?” त्यांनी विचारलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. “नाही साहेब. तिला समजलं असेल असं वाटलं.”

“वाटलं?”

“हो साहेब.”

त्यांनी ते लिहून घेतलं. आयुष्यात कधी लाज वाटली नव्हती एवढी त्या पेनाच्या आवाजाने वाटली. मग ते म्हणाले, “नियम स्पष्ट आहे. जमिनीला सांगितलेलं नाव सात दिवसांत पळालं पाहिजे. नाहीतर जमीन स्वतः येऊन घेऊन जाईल. आजचा वेग बघता ती शनिवारी सकाळी ठाणाशी पोचते. उद्या मोरपंखीला पळवा.”

“ती बाराशे मीटर पळाली तर आठशेला पाय जाईल,” ठोसर बाई म्हणाल्या. “मी लिहून देते.”

“लिहून द्या. पडदावाल्यांना आठशेला उभं करू.”

कासमभाई दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढली. “साहेब, चूक तिची नाही हो. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? मी पळतो तिच्याऐवजी.”

साहेब हसले नाहीत. “तुमचं नाव मोरपंखी आहे का?”

“नाही.”

“मग?”

इथंच तर घोडं पेंड खात होतं. मी नोंदवही ओढून घेतली आणि त्या दिवशीची नोंद वाचली. मोरपंखी, साडेचोपन्न, पट्टा चार. पुन्हा वाचली. चोवीस वर्षांच्या सगळ्या नोंदी तशाच होत्या. नाव, वजन, नंबर. येणारा प्राणी घोडा आहे, हे आम्ही जमिनीला कधी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? रेसकोर्सवर आणखी काय येणार होतं? किती वेळात येणार, तेही सांगितलं नव्हतं.

“साहेब,” मी म्हणालो, “नाव बदलायचा अर्ज आपल्याकडे आहे ना?”

साहेबांनी नियमावली चाळली. अर्ज होता. ते म्हणाले की नियमाप्रमाणे नाव बदलता येईल, पण नोंदलेलं नाव रिकामं ठेवता येणार नाही. अदलाबदल करावी लागेल, आणि ती मोसम संपेपर्यंत राहील. मला चालेल का? ठोसर बाई माझ्याकडे बघत होत्या. माझं वय सत्तावन्न. मी सही केली, साहेबांनी शिक्का मारला, आणि त्या दुपारपासून माझं नाव मोरपंखी झालं. कासमभाईंनी सतरा नंबरवरची पाटी पुसली आणि खडूने लिहिलं: दत्ताराम खोपकर. शिंगीने पाटीचा वास घेतला.

“माझ्यासाठी केलंत,” कासमभाई म्हणाले.

“तुमच्यासाठी कशाला? चूक माझी.”

शुक्रवारी सकाळी सात वाजता माझं वजन झालं. म्हणजे माझ्या पाठीवरच्या ओझ्याचं: खोगीर, त्याला शिशाच्या पट्ट्या, वर वाळूची पिशवी, मिळून साडेचोपन्न. कासमभाईंनी ते माझ्या पाठीला आवळून बांधलं. ठोसर बाईंनी माझ्या दोन्ही नडग्यांवरून हात फिरवला आणि ‘ठीक’ असं लिहिलं. मागून रुग्णवाहिका आणि पडदावाले चौघे. ते माझ्याच हाताखालचे, पण त्या दिवशी एकानेही माझ्याशी नजर मिळवली नाही. पडद्याची घडी त्यांनी आधीच अर्धी उलगडून ठेवली होती.

गेट उघडलं. मी पट्ट्यावर पाय टाकला.

मी भित्रा माणूस नाही, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली. कारण जमीन थरथरत होती. ती मला घाबरत होती. चोवीस वर्षं जिला ‘घाबरू नको, एवढेच येणार आहेत’ असं सांगत आलो, ती माझ्या तळव्याखाली कापत होती, आणि तिची भीती माझ्या गुडघ्यातून वर चढत होती. पळणं कसलं, मी दुडक्या चालीने चाललो होतो. दोनशेला श्वास संपला. चारशेला पाठ वाकली आणि हात जमिनीला लागले. तसाच चार हातापायांनी पुढे गेलो. खरं सांगायचं तर ते जास्त सोपं गेलं.

आठशेच्या अलीकडे कुठेतरी एक कावळा ओरडला आणि मी थबकलो. मी थबकल्यामुळे जमीन दचकली. चार बोटं. मला ती कळली. डावा पाय जिथे ठेवला तिथे आता जमीन नव्हती. पायात काहीतरी कडकन वाजलं. मागे पडदावाल्यांची पावलं धावली.

“थांबा!” मी ओरडलो. “पडदा नको! मी उभा आहे!”

मी उभा नव्हतो, पण त्यांनी ऐकलं. मी जमिनीला तोंड लावलं. “मोरपंखी,” मी म्हणालो. “साडेचोपन्न. पट्टा चार. एकटीच आहे गं. घाबरू नको. मीही घाबरलोय.” आणि उरलेले चारशे मीटर तीन पायांवर ओढत नेले.

विनिंग पोस्ट ओलांडल्यावर मागच्या मागे गवत आडवं झालं. सुरुवातीपर्यंत, एकामागून एक. पार्किंगचं डांबर खाली बसलं. कासमभाईंनी काठी खुपसली आणि मोठ्याने वाचलं, “दोन पूर्णांक नऊ!” मग ते मटकन खाली बसले आणि रडले. त्या दुपारी शिंगीने दोन टोपल्या लसूणघास खाल्ला. ठोसर बाई म्हणाल्या, तिची शीर महिन्याभरात बरी होईल.

माझी नडगी मोडली नव्हती, नुसती शीर दुखावली होती. बाईंनी पट्टी बांधली.

रविवारी सकाळी कार्ड हातात घेऊन मी लंगडत सहाशेच्या खांबापाशी गेलो. काम माझंच होतं. नाव बदललं म्हणून काम बदलत नाही. पाचव्या शर्यतीत तीन नंबरच्या पट्ट्यावर नाव होतं: मोरपंखी, वजन पंचावन्न. महिन्यापूर्वीची नोंद. मी ती वगळून पुढची वाचली. शेजारी खुपसून ठेवलेली काठी निघेना. दोन्ही हातांनी ओढली. जमिनीने ती आवळून धरली होती. मग ते नाव वाचलं, आणि काठी अलगद सुटून हातात आली. या वेळी जमीन कापली नाही. आता ती मला ओळखत होती.

मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी सांगितलं की दोन वाजेपर्यंत डॉक्टरांच्या दाखल्यावर रद्द होऊ शकेल.

दीड वाजता, शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये ठोसर बाई माझ्यासमोर खाली बसल्या. त्यांनी पट्टी सोडली आणि नडगीवर हात ठेवला. खूप वेळ ठेवला. कठड्यापलीकडे लोक कार्डं हातात घेऊन उभे होते. पडदावाले आपल्या जागी होते.

“गरम नाही,” बाई हळूच म्हणाल्या. त्या प्रामाणिक आहेत. नाहीतर म्हणाल्या नसत्या.

कासमभाईंनी खोगीर आवळलं. मग माझ्या मानेवरून हात फिरवत, शिंगीशी बोलत तशाच आवाजात ते काहीतरी बोलत राहिले, आणि आम्ही गेटकडे निघालो.