सायलेन्सरवाल्या विद्याताई

आमच्या विद्याताई कुणाकडेही गेल्या की पर्समधून छोटा डिजिटल काटा काढतात. आमच्याकडे सत्यनारायणाला आल्या तेव्हा मी घासूनपुसून ठेवलेली समई त्यांनी काट्यावर ठेवली, लिंबू लावून स्वतः पुन्हा घासली, परत ठेवली. "बघ मीनल, चार ग्रॅम काजळी निघाली. डोळ्यांना काय कळतंय? काट्याला विचारावं!" तेवढा वेळ भटजी पुण्याहून लॅपटॉपवर खोळंबले होते.

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये आम्ही शेजारी. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या डिपेंडंट व्हिसावर इथे आल्या, दोन वर्षांत घरातली भांडी घासून संपली, आणि मग बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागल्या. परवानाधारक शिकारी आवाज कमी व्हावा म्हणून रायफलच्या तोंडाला सायलेन्सर लावतात, तो साफ करायचं काम. आम्हा आयटीवाल्यांच्या घोळक्यात "मी बंदुकांमध्ये असते" असं त्या सांगतात, तेव्हा समोरच्याचा समोसा हातातच राहतो.

"अगं, पाहुणे काजळ माखून येतात, आम्ही तोंड धुऊन पाठवतो."

आलेला सायलेन्सर आधी काट्यावर. नवा असतानाचं वजन वहीत असतं, त्याहून जास्त भरेल ती आत साचलेली काजळी. मग तो उघडून आतल्या चकत्या निघाल्या त्याच क्रमाने फडक्यावर मांडायच्या. चकत्या ॲल्युमिनियमच्या असतील तर काजळी काढायचं कडक औषध बंद. "ॲल्युमिनियमला पोटाचा त्रास असतो," असं त्या गंभीरपणे सांगतात.

गेल्या हिवाळ्यात एक उंचापुरा शिकारी आपला सायलेन्सर न्यायला घाईघाईत आला. मालक यान म्हणाला, "झालाय साफ, देऊन टाक." ताईंनी दिला नाही. काजळी निघाल्यावर आतल्या एका चकतीला त्यांना केसाएवढी चीर दिसली होती.

"मॅडम, मी वीस वर्षं शिकार करतोय," शिकारी म्हणाला.

"अजून वीस वर्षं करा. पण हा लावून नाही," ताई तोडक्यामोडक्या डचमध्ये म्हणाल्या आणि सायलेन्सर सरळ ॲप्रनच्या खिशात टाकला.

यानने ती चकती मागून घेतली, भिंगाखाली बराच वेळ पाहिली, आणि ताईंना बसायला खुर्ची ओढून दिली. दुसऱ्या दिवसापासून नियमच झाला: ताईंची सही झाल्याशिवाय एकही सायलेन्सर बाहेर जाणार नाही. ही बातमी मी अख्ख्या मराठी मंडळात सांगितली. ताईंनीही सांगितली. काहींना ती चारदा ऐकावी लागली.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून त्या जाड पेनाने काहीतरी लिहीत होत्या. समोर व्हिडिओ कॉलवर त्यांचे वडील. पुण्यातल्या एका रायफल क्लबात त्यांनी तीस वर्षं बंदुकांची देखभाल केली, कानांना काहीही न लावता. आता त्यांना ऐकूच येत नाही.

"ही नोकरी लागली तेव्हा फोनवर तीनदा ओरडून सांगितलं," ताई म्हणाल्या. "तर म्हणाले, हो, जेवलो."

त्यांनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. 'बाबा, सायलेन्सरची शेवटची तपासणी आता माझ्याकडे.' वडिलांनी चष्मा सारखा केला आणि ओठ हलवत दोनदा वाचलं. चेहऱ्यावर काहीच उमटेना. ताईंनी कागद कॅमेऱ्याच्या आणखी जवळ नेला.

"सायलेन्सरच्या आट्यांना तेल पातळ लाव," ते म्हणाले. "जास्त नको."

"हो बाबा," ताई अगदी हळू म्हणाल्या. मग कागद उलटा करून 'हो बाबा' हेच दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहायला लागल्या.