खिडकी उघडी ठेवल्याचे प्रकरण

वस्तू बिघडली की ती दुरुस्त करण्यापेक्षा ती कोणी बिघडवली हे ठरवणं केव्हाही महत्त्वाचं. दुरुस्तीने एका माणसाची सोय होते. दोष ठरला की अख्ख्या कंपनीला शांत झोप लागते.

संगणकाच्या पडद्यावर चित्रं उमटवणारं ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एका कंपनीच्या वॉरंटी विभागात हे तत्त्व सोळा वर्षं सुखाने नांदत होतं. तिथल्या तपासनीस बाई परत आलेली कार्डं उघडत, हुंगत आणि फॉर्मवर दोनपैकी एका चौकोनात खूण करत: ‘कंपनीचा दोष’ किंवा ‘ओव्हरक्लॉकिंग’, म्हणजे ग्राहकाने कार्ड नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं. (पहिला चौकोन छपाईत जरा बारीक आला होता. त्यात खूण मावत नसे.)

एक दिवस एक निवृत्त दंतवैद्य रुमालात कार्ड गुंडाळून आले. ते विद्यार्थ्यांसाठी संगणकावर दातांची हलती चित्रं करत. बत्तीसपैकी अठ्ठावीस दात झाले आणि ऐन अक्कलदाढांच्या तोंडावर कार्डाने मान टाकली होती. परीक्षा आठवड्यावर आली होती.

“मी वेगाला हातसुद्धा लावला नाही हो,” डॉक्टर म्हणाले. “खोक्यावरच छापलंय, ‘कारखान्यातच वेग वाढवलेला’.”

“तो आम्ही वाढवलेला. त्याला वैशिष्ट्य म्हणतात,” बाईंनी नियम सांगितला, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकताना कसंतरीच वाटलं.

त्यांनी कार्ड उघडलं. एका पिनेचं सोल्डरिंग मुळातच कच्चं होतं. बाईंनी पेन्सिलीला टोक काढून बारीक चौकोनात खूण केली.

फॉर्म विभागाच्या साहेबांकडून परत आला. कार्डाच्या नोंदीत वेग नेमून दिलेल्यापेक्षा जास्त दिसत होता. प्रकरण तत्त्वाचं असल्यामुळे समिती बसली.

“थंडावा मिळाला की कार्ड आपणहून जोरात पळतं. आम्हीच तशी सोय केली आहे,” अभियंता म्हणाला.

“म्हणजे कार्डानेच ओव्हरक्लॉकिंग केलं?” वकीलबाईंनी विचारलं.

“आपलं कार्ड असं करणार नाही,” विक्रीप्रमुख दुखावून म्हणाले.

मग कार्डाला थंडावा कोणी दिला, हा प्रश्न उरला. डॉक्टरांना फोन केला. टेबलाशेजारची खिडकी उघडी असते, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. (प्रामाणिक ग्राहकांचे दावे निकाली काढायला सरासरी निम्मा वेळ लागतो.)

तीन बैठका झाल्या. अकरा व्याख्या मांडल्या गेल्या. अर्धी उघडी खिडकी हा ओव्हरक्लॉकिंगचा फक्त प्रयत्न धरावा, असा उदार विचारही पुढे आला. शेवटी ठरलं: खिडकी उघडी ठेवणं हे ओव्हरक्लॉकिंग, आणि बंद ठेवून कार्ड तापू देणं हा निष्काळजीपणा.

“पण साहेब, सोल्डरिंग कच्चं आहे,” बाई म्हणाल्या.

“तुमचं बरोबरच आहे,” साहेब आपुलकीने म्हणाले. “फक्त ते व्याख्येत बसत नाही.”

बाईंनी वाद घातला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि स्वतःच्या टेबलावर ती पिन नीट डाखली. डॉक्टरांनी चिमट्याने पिन धरली. चाळीस वर्षं लोकांच्या जबड्यात वावरलेला हात तसूभर हलला नाही. कार्ड सुरू झालं. विभागाच्या इतिहासात या टेबलावर दुरुस्त झालेली ही पहिलीच वस्तू. बाईंना त्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्या दिवशी डबा चवीने खाल्ला.

पुढच्या महिन्यात सुधारित अटी सगळ्या ग्राहकांच्या पडद्यावर आल्या. पानं एकसष्ट. खिडकीचा मजकूर सत्तेचाळिसाव्या पानावर होता. त्या अटी शेवटपर्यंत एकट्या डॉक्टरांनी वाचल्या आणि शुद्धलेखनाच्या चार चुका कळवल्या. बाकी सर्वांनी ‘मी वाचले असून मला मान्य आहे’ हे बटण सरासरी चार सेकंदांत दाबलं.

(बटण दाबणाऱ्यांच्या यादीत तुमचंही नाव आहे. तुम्हाला तीनच लागले.)