गणपुले मास्तरांचं गुलमर्ग

ऐन वैशाखात, भोरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा दुपारी, आमचे शेजारी गणपुले मास्तर ओटीवर कानटोपी घालून आणि गळ्याला मफलर गुंडाळून बसायचे. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप गळतोय आणि मास्तर शांतपणे विंझणवारा घेताहेत! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिवताप. घाबरून विचारलं, "मास्तर, थंडी वाजतेय का?"

"वाजायला हवी," मास्तर म्हणाले. "तिचीच तयारी चाललीय. उद्या बर्फात गेल्यावर टोपी टोचते म्हणून कुरकूर नको. सवय हवी, सवय!"

शाळेत ते ड्रॉइंग शिकवत, मी गणित. आमच्या दोन बिऱ्हाडांत भिंत एकच, तीही कुडाची, त्यामुळे मास्तरांची सगळी तयारी मला फुकटात ऐकू यायची. पौषात ते आपल्या दोन्ही मुलांना पहाटे नीरेवर अंघोळीला नेत. पोरं बिचारी दात वाजवत पाण्यात उभी आणि मास्तर काठावरून ओरडताहेत, "हे काहीच नाही! हिमालय आठवा!" स्वतः मात्र घरी येऊन बंबातलं कढत पाणी घेत. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "मी पुढारी. पुढाऱ्याला सर्दी होऊन चालत नाही." शाळेतली कार्टी त्यांना 'हिमालय मास्तर' म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

या सगळ्यामागे होत्या वहिनी. उन्हाळा लागला की आमच्या आळीतल्या बायका एकेक करून माहेरी जायच्या. राहायच्या फक्त गणपुले वहिनी. त्यांचं माहेर वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशी. वडील त्या गावचे जोशी. आईवडील गेले, पाठीला भाऊ नाही, घराला कुलूप लागलं. तिकडे जाण्याचा विषय निघाला की वहिनी म्हणत, "बंद दार बघायला कशाला जायचं?" आणि आळीतल्या सगळ्यांच्या तुळशींना पाणी घालायचं काम अंगावर घेत. माझी बायकोसुद्धा निघताना मला काही सांगायची नाही, वहिनींना सांगायची, "आमच्या तुळशीकडे बघा हं." वहिनी हसून म्हणत, "जा गं बिनघोर." ते हसू मास्तरांना सोसायचं नाही. ते उठून आत जायचे.

"हिला अशा डोंगरावर नेईन," ते मला सांगत, "की आळीतल्या बायकांनी तोंडात बोटं घालावीत. माहेर माहेर काय घेऊन बसलात!"

पण डोंगर कुठला? इथे गाडं अडायचं. मी म्हणायचो, "महाबळेश्वर काय वाईट?"

"तिथं सगळे पुण्याचे लोक. मग पुणंच काय वाईट?"

"माथेरान?"

"माकडं फार. शाळेत कमी आहेत का?"

"सिमला?"

"तिथं लाटसाहेब असतो. त्याच्या शेजारी बिऱ्हाड केलं म्हणजे मुलांना दंगा करता यायचा नाही."

"मग दार्जिलिंग."

"छे छे. चहाने मला पित्त होतं."

वहिनी आतून ऐकत असत. प्रत्येक गावाचं नाव निघालं की त्या एकच विचारत, "तिथं आपलं कोण आहे?" मास्तर मफलर आणखी घट्ट करत.

अखेर एकदा बाजारातून आणलेल्या पुड्याला विलायती मासिकाचं पान निघालं. त्यात चित्र होतं: बर्फाचा उतार, आणि पायांना लांबलचक फळ्या बांधून त्यावरून घसरत येणारे एक साहेब आणि मडम. खाली गुलमर्गचं नाव आणि आणखी एक इंग्रजी शब्द. मास्तरांनी अक्षरं लावली: एस, के, आय. "स्काय!" ते ओरडले. "स्काय म्हणजे आकाश. आकाशातनं उतरल्यासारखा माणूस येतो, म्हणून स्काय!" मी म्हटलं, स्पेलिंग जरा निराळं दिसतंय. म्हणाले, "काश्मीरकडे तसंच लिहितात." झालं. डोंगर ठरला, गुलमर्ग. भोरच्या ड्रॉइंग मास्तरानं गुलमर्गला जाणं म्हणजे बेडकानं विमानात बसणं, पण हे त्यांना सांगणार कोण?

लगेच त्यांनी बुरुडाकडून चिव्याच्या बांबूच्या दोन लांब कांबी तासून घेतल्या आणि शेकोटीवर धरून त्यांची टोकं वर वळवली. मग मला म्हणाले, "स्कायची तालीम करायची. वैशाखातलं वाळलं गवत बर्फासारखंच घसरतं. उद्या वेल्ह्याकडे निघायचं, सहकुटुंब. तुम्हीही चला, तुमची मंडळी नाहीच घरी."

"अहो, उतार काय भोरला नाहीत?"

"तिकडचं गवत बारीक असतं," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे न बघता कांबी पुसू लागले.

वहिनी आधी नाहीच म्हणत होत्या. पण नवरा पायांना कांबी बांधून डोंगरावरून उडी घेणार म्हटल्यावर कुठली बायको घरी बसेल? नसरापूरच्या फाट्यापर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढे बैलगाडी, असे आम्ही निघालो. तोरणा दिसायला लागला. गाव जवळ आलं तशा वहिनी तिकडे पाठ करूनच बसल्या. मास्तरांनी गाडी गावात नेली नाही, गावावरच्या माळाशी उभी केली.

उतारावर मास्तरांनी पायांना कांबी करकचून बांधल्या. कानटोपी होतीच. मुलांना म्हणाले, "नीट बघा, पुन्हा दाखवणार नाही." मग "स्काय!" अशी आरोळी ठोकून सुटले. काय सांगू! चार हात गेले असतील नसतील, एक कांब डावीकडे निघाली, दुसरी उजवीकडे, आणि कुणाबरोबर जावं हे मास्तरांना ठरवता येईना. शेवटी ते दोन्ही कांबींचा नाद सोडून बसल्याबसल्याच खाली गेले आणि करवंदीच्या जाळीत शिरले. जाळीतून आवाज आला, "तंत्र बरोबर आहे, गवत चुकलं!"

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. अशा हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या अंगाला शेरडं चारणारी एक म्हातारी धनगरीण काठी उगारत धावत आली. तिने मास्तरांचे पाय पाहिले आणि माझ्यावरच घसरली. "आगं बया! दोन्ही पाय मोडल्यालं, हाडवैद्यानं कांबी बांदल्याल्या, आन् अशा मानसाला डोंगरावर कुनी आनला? तू आनलास व्हय रं मुडद्या? लाज न्हाई वाटत?"

तिचं तरी काय चुकलं? आमच्या मुलखात पायाला कांबी बांधतात त्या हाड मोडल्यावरच. मी सांगू लागलो, पाय धड आहेत, पण 'स्काय' तिला कसं समजावायचं या विचारात अडकलो. म्हातारीचं लक्ष मात्र आता वहिनींकडे गेलं होतं. तिने डोळ्यांवर हात धरला, जवळ आली आणि वहिनींची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"जोशीबुवाची चिमी न्हवं का तू? कवा आलीस, बाय?"

वहिनी हसत होत्या त्या तशाच रडायला लागल्या. म्हातारीने त्यांना पोटाशी धरलं. "आन् हितं माळावर का गं उतरलीस, परक्यावानी? घराची किल्ली पाटलीनबाईकडं हाय. दर दिवाळीला सारवतो आमी. जोशीबुवाचं घर उगडं पडू दिऊ व्हय?"

पुढचं सगळं म्हातारीनेच केलं. कुलूप निघालं. जमीन खरंच सारवलेली होती. कुणी दूध आणलं, कुणी तांदूळ, कुणी हातशेवया. प्रत्येक बाई उंबऱ्यातून तेच विचारत होती, "कवा आलीस?" आणि वहिनी प्रत्येकीला नव्याने सांगत होत्या, "आत्ताच." मुलांनी तर गोणपाटावर बसून माळावरून घसरायचा सपाटाच लावला. बायकांनी ठरवून टाकलं, चिमी महिनाभर राहणार. जावयाला कुणी विचारलंच नाही.

परतीच्या गाडीत मास्तर आणि मी दोघेच. मी म्हटलं, "गवत बारीक होतं खरं."

मास्तर हसले. "सरळ चल म्हटलं असतं तर आली नसती. गुलमर्ग काही खोटं नव्हतं हो. पण तिथं हिला चिमी म्हणणारं कोण भेटणार होतं?"

घरी आल्यावर मात्र मास्तरांचं बिनसलं. ओटीवर बसेनात, कानटोपी दिसेना. वहिनी येण्याच्या आदल्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे राहिले. "एक विचारायचं होतं. बाई माहेराहून येते तेव्हा दारात तिला काय म्हणतात हो?"

"काही म्हणत नाहीत. हातातलं बोचकं घेतात."

"ते घेईनच. पण म्हणायचं काय? मला खरंच ठाऊक नाही. मी तान्हा असताना आई गेली. रोज एका घरी, असे वार लावून जेवलो मी. कुणाच्याही दारात गेलं की ऐकायचो, 'आज तुझा वार ना रे?' एवढंच." हे ते अगदी सहज बोलले. मी म्हटलं, "मास्तर, मनात येईल ते म्हणा."

त्या संध्याकाळी मी भाकरी भाजत होतो आणि भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज येऊ लागला. आधी वर्गात बोलतात तसा, "आलीस?" मग जरा हलका, "आलीस का?" मग, "प्रवास ठीक झाला ना?" बायकोला नावाने हाक मारायची तेव्हा आमच्याकडे पद्धत नव्हती. मास्तरांनी तर सबंध संसार 'अगं' आणि 'इकडे बघ' वर काढला होता. पण त्या रिकाम्या घरात त्यांचा आवाज एकदम साधा झाला.

"चिमे, करमत नव्हतं गं."