टकटक करून शिरायची खोली

आमचे शेजारी दस्तगीरभाई स्वतःच्याच घरातल्या रिकाम्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करतात. मुलांनो, मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. टकटक करायची, क्षणभर थांबायचं, मग चपला बाहेर काढून आत.

आत कोणी नसतं. कुपवाडच्या एका बंद कारखान्यातून आणलेले तीन जुने कॉम्प्युटर घरघरत असतात. पडद्यांवर गुंतलेल्या दोऱ्यासारखं काहीतरी आपोआप वळतं, उलगडतं, पुन्हा मिटतं. समोर एक खुर्ची. तिच्यावर कुणी बसलेलं त्यांना चालत नाही. भर उन्हाळ्यात टेबलफॅनचं तोंड मशीनकडे, आणि दस्तगीरभाई घामाने निथळत दारात उभे! "जॉब गरम झाला की माप चुकतंय, वैनी." पस्तीस वर्षं लेथवर लोखंडाचे जॉब कातण्यात काढलेला माणूस; दुसरं काय बोलणार?

"पण काम कुणाचं हे?" मी एकदा विचारलं.

"आवं, परदेशातल्या शास्त्रज्ञांचं. त्यांची मशिनं पुरंनात, म्हणून इंटरनेटवरनं जगभर थोडंथोडं वाटून देत्यात. झालं की परत धाडायचं."

शरीरातली प्रथिनं म्हणे दोऱ्यासारखी असतात. त्यांची घडी चुकली की कंपवातासारखे काही आजार जडतात. ती घडी कशी पडते, याचं हे गणित. कराडला शिकणाऱ्या भाचीने सगळं जोडून दिलं होतं.

खोली मूळची हमीदाची, त्यांच्या बायकोची. ती इथे शिवणकाम करायची. पुढे कंपवाताने हात इतके थरथरू लागले की सुईत दोरा जाईना. ती गेली, आणि ही मशिनं आली.

मागच्या महिन्यात दस्तगीरभाई चार दिवस कराडला गेले. किल्ली माझ्याकडे. "लक्ष ठिवा," एवढंच म्हणाले. माणूस नसलेल्या खोलीत वीज जळलेली मला खपत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. मी तिन्ही बटणं बंद केली, धूळ पुसली, खुर्ची टेबलाखाली सरकवली.

परत आल्यावर त्यांनी टकटक केली. या वेळी बराच वेळ थांबले. आतून घरघर नव्हती.

"वैनी, बंद केलं व्हय?"

"आत कोणी नव्हतंच ना!"

त्यांनी खुर्ची ओढून होती तिथे ठेवली, बटणं दाबली. पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या. "वाचा की. मला कुठं येतंय?"

मी वाचलं. काम करणाऱ्याचं नाव : हमीदा. चार दिवसांपासून संपर्क नाही.

पंखे फिरू लागले. दोरा पुन्हा वळू लागला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती ओळ बदलली. शेवटचा संपर्क : आत्ताच. काम थांबलं होतं तिथून पुढे सुरू.

ते मी मराठीत सांगितलं. दस्तगीरभाईंनी खुर्चीच्या पाठीवर अलगद हात ठेवला.

"लय जिद्दीची," ते म्हणाले. "काम अर्ध्यात टाकून उठायची न्हाई."

काल ते पुन्हा कराडला गेले. दुपारी मी किल्ली घेऊन बघायला गेले. आतून घरघर येत होती.

मी दारावर टकटक केली. थांबले. मग चपला बाहेर काढल्या.